पुण्यातले घाट सायकलने करतो, आल्प्समध्ये आठवडाभरात कोणते चढ करावेत?

तुम्ही लिहिलंय की सायकलवर सिंहगड न थांबता होतो, जूनअखेर आठवडाभर फ्रान्सला जायचंय, तर आल्प द्युएझचा चढ झेपेल का आणि अजून काय करावं. झेपेल हो. पण तिकडे वाट लागते ती चढाच्या खडेपणाने नाही, लांबीने. आपले घाट आठ-दहा किलोमीटरमध्ये संपतात, पायांना आणि डोक्याला पण तेवढीच सवय असते, आणि तिथे दहा किलोमीटर घाम गाळून झाल्यावर बोर्ड दिसतो की माथा अजून १७ किलोमीटर.

मी सहा रात्री बूर्ग-द्वाझां या एकाच गावात राहिलो, तुम्ही पण तेच करा, रोज बॅगा भरत बसू नका. आल्प द्युएझ गावाबाहेरच सुरू होतो. १३.८ किमी, सरासरी ८ टक्के, चढाई ११०० मीटर, म्हणजे समजा सिंहगड लागोपाठ दोनदा आणि मधे उतार नाही. वळणं २१, नंबर उलटे, खाली २१ आणि वर १, प्रत्येकावर टूर द फ्रान्स शर्यतीचा इथला टप्पा जिंकलेल्यांची नावं. २१ वर इटलीचा सायकलपटू फाउस्तो कॉप्पी, १९५२ ला टूर पहिल्यांदा इथे आली तेव्हा तोच जिंकलेला. ला गार्द गाव येईपर्यंतचे पहिले दोनेक किलोमीटर सगळ्यात खडे आहेत, १० टक्क्यांच्या वर, आणि मी नेमका तिथेच उत्साहात सुटलो, मग पुढचा तासभर नुसता भोगत होतो. सकाळी लवकर निघा, दुपारी तो रस्ता तापतो.

पण तुम्हाला एकच चढ करायला मिळणार असेल तर मी गालिबिए सांगेन, द्युएझ नाही. द्युएझ संपतो तो हॉटेलं आणि पार्किंगमध्ये. गालिबिए २६४२ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच, आणि तिथे वर चक्क काही नाही, दगड, बर्फाचे पट्टे आणि वारा. बूर्गहून लोतारे खिंडीमार्गे जाता येतं, रस्त्यात बोगदे आहेत त्यामुळे मागचा-पुढचा लाइट हवाच, ला ग्राव्हला समोर मेज शिखराची हिमनदी दिसते, तिथे कॉफी घ्या. लोतारेपासून वर साडेआठ किमी. ही सोपी बाजू बरं का. अवघड बाजू पलीकडून, सां-मिशेल गावाहून आधी तेलेग्राफ खिंड, मग वालुआर गावाला थोडं खाली उतरून परत १८ किमी, आणि प्लान लाशाच्या पुलानंतर रस्ता वळून जो काही उभा राहतो ना, तिथे मी दोनदा पाय टेकले. सांगायला लाज नाही.

वरून उतरताना मात्र माझं चुकलं. पातळ जर्सीवरच सुटलो, दहा मिनिटांत बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबतोय की नाही तेच कळेना. विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लव्ह्ज खिशात ठेवाच, खाली कितीही ऊन असू दे.

तिसरा क्रुआ द फेर. याच्या सरासरीवर जाऊ नका, मधे दोनदा उतार लागतो, कमावलेली उंची जाते आणि पहिल्या उतारानंतर लगेच १० टक्क्यांच्या वर चढ. धरणाचं पाणी दिसलं की थोडं बरं वाटतं. बाकी एखादा दिवस ओर्नाँ करा, सोपा आहे, पाय मोकळे होतात.

सायकल तिथेच भाड्याने मिळते, फक्त बुक करताना कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाच्या गिअरचक्र्या, विचारा, पुढची लहान चक्री ३४ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी किमान ३२, ३४ मिळाली तर सोडू नका. पेडल आणि शूज आपले न्या. स्टेल्वियो घाटाचं विचारलंत, ४८ वळणांचा आहे, मोह होतोच, पण तो इटलीत, बूर्गहून जायला अख्खा दिवस गाडीत जाईल. या खेपेला सोडा तो.