दोन मिनिटांत माणूस कळतो?

प्रश्न: माणूस मला दोन मिनिटांत कळतो, असं मी अभिमानाने सांगायचे. ऑफिसात नवी आलेली एक जण हाक मारली तरी ओ द्यायची नाही. ‘शिष्ट आहे’ असं मी ठरवलं, चौघींना सांगितलंही. परवा तिनेच मला सांगितलं, तिला एका कानाने ऐकू येत नाही. आता स्वतःच्या नजरेवर भरवसाच उरला नाही. ही सवय कशी मोडू?

उत्तर: तुमचं मन तुम्हाला खातंय, हे ओळीओळीत दिसतं. पण नजरेवर राग धरू नका. पाहताक्षणी मत होणं कुणालाच टाळता येत नाही. ते लगेच चौघींना सांगत सुटणं मात्र टाळता येतं. तेवढंच शिकायचंय, आणि मला विचाराल तर ते माणसांपेक्षा झाडापाशी लवकर जमतं.

मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, पडलेलं एखादं झाड गाठा आणि औषध न मारता काही दिवस रोज बघा. शेंड्यावर काळपट, खरबरीत, केशरी ठिपक्यांची अळी फिरताना दिसली, तर बघूनच अंगावर काटा येतो. पुष्कळ जण तिला तिथेच चिरडतात. थोडं थांबलात तर दिसेल, ती पानाला तोंड लावत नाही, एकेक मावा धरून फस्त करते. ही सात ठिपक्यांच्या लेडीबर्डची अळी. पुढे कोषातून भुंगेरा निघतो तोही पिवळट, बिनठिपक्यांचा. लाल रंग आणि ठिपके उमटायला काही तास जातात. त्याच फांदीवर मुंग्यांची लगबग असते. वाटतं, बिचाऱ्या झाड साफ करताहेत. खरं तर माव्यातून निघणाऱ्या गोड, चिकट रसासाठी त्या त्याची राखण करतात, अळी जवळ आली की तिला हुसकावतात.

मुंग्यांचं मुद्दाम सांगितलं. अपराधी वाटून आता तुम्ही ऑफिसातल्या त्या नव्या सहकारिणीला एकदम देवमाणूस ठरवाल. तीही घाईच. ती कशी वागते ते वेगवेगळ्या प्रसंगी बघा, मत बनेल तेव्हा बनू दे.

एक काम मात्र उद्याच करा. त्या चौघींना ‘मी तिच्याबद्दल बोलले ते चुकीचं होतं’ एवढं स्पष्ट सांगा. कानाचं सांगू नका. ते कुणाला सांगायचं हे तिचं तिने ठरवायचं. आणि तिला मागून हाक मारण्यापेक्षा समोर जाऊन बोला. कोणत्या बाजूने बोललेलं बरं पडतं, तेही तिलाच विचारा.