एल्कसाठी पहिली रायफल घेताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीसाठी कायद्याने किमान .24 कॅलिबर (नळीचा व्यास, इंचात) आणि 85 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) फुलणारी, म्हणजे लागल्यावर पसरणारी गोळी लागते. नवख्याने मात्र तेवढ्यावर भागवू नये. सरळ .30-06 काडतुसाची रायफल घ्या, गोळी 180 ग्रेनची. मॅग्नमचा (त्याहून जोरदार काडतुसाचा) धक्का सोसला नाही की ट्रिगर ओढताना डोळे मिटतात, गोळी पोटात जाते आणि जनावर तडफडत दूर निघून जातं. तसं होऊ देऊ नका.

कॅलिबरपेक्षा गोळीची बांधणी जास्त महत्त्वाची. पातळ जॅकेटची (शिशावरच्या धातूच्या वेष्टनाची) गोळी खांद्याच्या हाडावरच फुटते, फुफ्फुसापर्यंत पोचत नाही. बॉन्डेड (शिसं वेष्टनाला घट्ट जोडलेली) किंवा अखंड तांब्याची घ्या. तांब्याची 165 ग्रेनचीही पुरते, वजन टिकवते. पण वेग सेकंदाला 2000 फुटांखाली आला की बऱ्याचदा नीट उघडत नाही. म्हणून खोक्यावरचा वेगाचा तक्ता बघूनच अंतर ठरवा.