याकूब उतार: सरकलेला तट आणि सलादिनचा सुरुंग

याकूब उताराच्या (जॉर्डन नदी पायी ओलांडायच्या जागेच्या) किल्ल्याचा तट मध्येच तुटून बाजूला सरकलाय, ते इजिप्त-सीरियाचा सुलतान सलादिन याने ११७९ च्या वेढ्यात लावलेल्या सुरुंगामुळे का, असं विचारलंत. नाही, तो भूकंपाचा मार आहे. सुरुंग लागला की तट खचतो, दगड बाहेर लोळतात. इथे थर शाबूत आहेत, फक्त आडवे सरकलेत. शिवाय उत्तर आणि दक्षिण दोन्ही तट एकाच रेषेत कापलेत. ती रेषा मृत समुद्राच्या भ्रंशाची, म्हणजे जिथे जमिनीचे दोन भाग एकमेकांना घासून सरकतात त्या भेगेची. गालील सरोवराच्या उत्तरेची, जॉर्डनकाठची ही टेकडी नेमकी त्यावर आहे. तट एकूण सुमारे २.१ मीटर सरकलाय, पण आत नंतर बांधलेल्या मशिदीची भिंत अर्धा मीटरच. म्हणजे १.६ मीटर मशिदीच्या आधीचे. ते १२०२ च्या भूकंपाचे आणि उरलेले १७५९ चे धरतात. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

आता सुरुंग. दमास्कसची वाट इथे नदी ओलांडते, म्हणून जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा बाल्डविन चौथा याने ऑक्टोबर ११७८ मध्ये किल्ल्याचं काम काढलं. ते थांबवायला सलादिनने आधी ६०,०००, मग १,००,००० दिनार देऊ केले. राजा बधला नाही. ऑगस्ट ११७९ च्या अखेरीस वेढा पडला तेव्हा किल्ला टेम्प्लरांकडे (ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाकडे) होता, पण बांधकाम अपुरंच होतं. उत्खननात चुना आणि गवंड्यांची अवजारं सापडली ती त्यामुळेच.

बाहेरचं आवार पहिल्याच दिवशी पडलं. मग तटाखाली भुयार: लांबी ३० हात, रुंदी ३ हात, वर ९ हात जाडीची भिंत. यात बारूद नाही. भुयारात लाकूड भरून पेटवायचं, म्हणजे आधार जळून वरची भिंत स्वतःच्या वजनाने बसते. पहिल्यांदा आग लावली, भिंत हललीच नाही. एवढ्या जाडीला खोदाई तोकडी पडली होती. तापलेल्या भुयारात पुन्हा शिरणार कसं? सलादिनने पाण्याच्या प्रत्येक पखालीला एक दिनार लावला, आग विझवली, भुयार वाढवून पुन्हा पेटवलं. या वेळी तट कोसळला. आतल्यांनी खिंडार अडवायला मागे लाकडं रचली होती; वाऱ्याने आग त्यांच्याच अंगावर गेली.

वेळेचं गणित इथेच कळतं. बाल्डविन तिबेरियासला फौज जमवत होता, जेमतेम दिवसभराच्या चालीवर. तो निघाला तोवर किल्ला पडला होता. सलादिनने प्रेतं टाक्यात टाकली. भर उन्हाळ्यात रोगराई पसरली आणि त्यात त्याचेच अनेक सरदार दगावले.