वळसा कोणत्या बाजूने घ्यावा?

वाचकांचे प्रश्न : यॉर्कशर डेल्समधील पायवाटा

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर डेल्स हे राष्ट्रीय उद्यान १९५४ मध्ये घोषित झाले, आणि २०१६ मध्ये हद्द वाढल्यानंतर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,१८० चौरस किलोमीटर झाले. राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निर्मनुष्य जंगल येते. हे उद्यान मात्र नांदत्या गावांचे, मेंढपाळांचे आणि कुरणांचे आहे. मुलाबाळांकडे इंग्लंडला जाणाऱ्या अनेक वाचकांनी तेथील वर्तुळाकार पायवाटांविषयी, म्हणजे एका गावातून निघून खोरे, धबधबे आणि वस्त्या पाहत त्याच गावात परतणाऱ्या वाटांविषयी विचारले आहे. त्यांपैकी पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही साठी ओलांडलेले आहोत. मुलगी लीड्सला असते आणि आम्ही जूनमध्ये तिच्याकडे जाणार आहोत. आमच्याजवळ गाडी नसेल. पत्नीला चढ चढता येतो, पण उतरताना तिचे गुडघे दुखतात. एका दिवसात होईल अशी एखादी फेरी सुचवावी. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण मॅलम या गावची फेरी करावी. लीड्सहून रेल्वेने स्किप्टनला जावे आणि तेथून बसने मॅलमला. बसच्या फेऱ्या मोजक्याच असतात आणि रविवारचे वेळापत्रक वेगळे असते, म्हणून परतीच्या बसची वेळ आदल्या दिवशीच लिहून घ्यावी व सगळा दिवस तिच्याभोवती आखावा.

ही फेरी सुमारे आठ किलोमीटरची आहे. बहुतेक मार्गदर्शिका ती जॅनेट्स फॉस या धबधब्यापासून सुरू करतात, तेथून गॉर्डेल स्कार ही घळ दाखवतात आणि शेवटी मॅलम कोव्ह या कड्यावरून खाली आणतात. मीही पहिल्यांदा तशीच गेले होते आणि शेवटच्या टप्प्यात पस्तावले, कारण कड्याच्या बाजूने उतरणाऱ्या दगडी पायऱ्या जवळजवळ चारशे आहेत, उंचीला असमान आहेत आणि थकलेल्या गुडघ्यांच्या वाट्याला त्या नेमक्या अखेरीस येतात. आपल्या पत्नीची अडचण लक्षात घेता आपण हा वळसा उलट्या बाजूने घ्यावा. सकाळी ताज्या पायांनी कोव्हच्या पायऱ्या चढाव्यात, माथ्यावर भरपूर वेळ काढावा आणि नंतर कुरणांतून सौम्य उताराने गॉर्डेलकडे यावे. वळशाच्या वाटेची लांबी सगळे विचारतात, पण दिशा कोणी विचारत नाही. माझ्या मते दिवस सुखाचा जाणार की कष्टाचा, हे पुष्कळदा दिशेवरच ठरते.

मॅलम कोव्ह हा सुमारे ८० मीटर उंचीचा, चंद्रकोरीसारखा वळलेला चुनखडीचा कडा आहे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून आलेले पाणी यावरून प्रचंड धबधब्याच्या रूपाने कोसळत असे. आज तो कोरडा असतो; २०१५ च्या डिसेंबरमधील वादळी पावसात मात्र काही काळ पाणी पुन्हा कड्यावरून पडले आणि ते पाहायला लोक धावून आले. जूनमध्ये गेलात, तर कड्यावर घरटी करणारा बहिरी ससाणा दिसण्याचा संभव आहे. माथ्यावर चुनखडीची उघडी फरसबंदी पसरलेली आहे. तिच्या लाद्यांना तेथील लोक ‘क्लिंट’ म्हणतात आणि लाद्यांमधल्या खोल भेगांना ‘ग्राइक’. त्या भेगांत वाऱ्यापासून आणि मेंढ्यांच्या तोंडापासून सुरक्षित राहून नेचे आणि सावलीतली फुलझाडे वाढतात, म्हणून वाकून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. हजारो पावलांनी या लाद्या गुळगुळीत झाल्या आहेत. पाऊस पडलेला असेल तर त्यांच्यावरून न जाता कडेच्या गवतावरून चालावे.

कड्याच्या पायथ्याशी एक ओढा शांतपणे बाहेर येतो, आणि तिकडे वर, मॅलम टार्न नावाच्या तळ्यातून निघालेला ओढा थोड्याच अंतरावर जमिनीत नाहीसा होतो. ते पाणी हेच असणार असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तळ्याचे पाणी गावाच्याही दक्षिणेला जाऊन वर येते आणि कड्याखालचे पाणी दुसऱ्याच ठिकाणी जमिनीत शिरलेले असते. सह्याद्रीचा कातळ ओळखणाऱ्या माणसाला हे नवे वाटते, कारण आपल्या बेसॉल्टवर पाणी डोळ्यांदेखत वाहत राहते, तर चुनखडीत ते खडक विरघळवत आत वाट काढते.

गॉर्डेल स्कार ही शंभर मीटरहून उंच कड्यांमधली घळ. तेथील धबधब्याच्या अंगाने वर चढणारी वाट नकाशात दिसेल, पण ती हातांचा आधार घेत चढायची आहे. आपण घळीच्या तोंडाशी बसून डबा खावा आणि मागे फिरावे. तेथून जॅनेट्स फॉस अगदी जवळ आहे. धबधबा लहानसाच, पण त्याच्या खालचे डोह आणि भोवतीचे रान इतके निवांत आहे की दिवसाचा शेवट तेथेच व्हावा. जॅनेट ही पऱ्यांची राणी धबधब्यामागच्या गुहेत राहते अशी समजूत आहे. पूर्वी लोकर कातरण्याआधी जून महिन्यात मेंढ्यांना याच डोहात धुवत असत. ‘फॉस’ हा शब्द धबधब्यासाठी, ‘बेक’ ओढ्यासाठी आणि ‘डेल’ खोऱ्यासाठी. हे सारे शब्द हजारेक वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून येऊन येथे वसलेल्या लोकांच्या भाषेतले आहेत. पुढे ओढ्याच्या काठाकाठाने सपाट वाट मॅलममध्ये परत आणते.

पायऱ्या नकोतच असे ठरले, तर स्किप्टनहून ग्रासिंग्टनला जावे. व्हार्फ नदीवरचा लिंटन धबधबा, मग लिंटन गाव आणि परत ग्रासिंग्टन, अशी थोड्याच चढउताराची लहान फेरी तेथे होते.

प्रश्न : या वाटा लोकांच्या खासगी शेतांमधून जातात असे वाचले. आमच्या गावी बांधावरून वाट मागितली तरी भाऊबंदांत भांडणे होतात आणि प्रकरण तहसीलदारांपर्यंत जाते. तिकडे परक्या माणसाला शेतातून कसे जाऊ देतात? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण वळशाच्या वाटा या हक्कावरच उभ्या आहेत. जमीन शेतकऱ्याची असते, पण तिच्यावरून जाणारी सार्वजनिक पायवाट ही लोकांची असते आणि जमीन विकली गेली तरी तो हक्क संपत नाही. यांतील बहुतेक वाटा कोणी सहलीसाठी आखलेल्या नाहीत. चर्चला, गिरणीला, बाजाराला, शिशाच्या खाणीवर कामाला जाणाऱ्या माणसांनी त्या पिढ्यान्पिढ्या तुडवल्या. १९४९ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील स्थानिक प्रशासनांना अशा सर्व वाटांची पाहणी करून अधिकृत नकाशे तयार करणे बंधनकारक केले, आणि त्या नकाशावर नोंदलेली वाट हा हक्काचा निर्णायक पुरावा मानला जातो. याच कायद्याने राष्ट्रीय उद्यानांचीही तरतूद केली. एखादी वाट लोकांनी सलग वीस वर्षे, उघडपणे आणि परवानगीवाचून वापरली असेल, तर मालकाने ती सार्वजनिक वापरासाठी दिली आहे असे कायदा साधारणपणे गृहीत धरतो. तसा आपला हेतू नव्हता, हे मालकाला दाखवून द्यावे लागते.

हे सहज मिळालेले नाही. डोंगरमाथ्यांवरची मोठमोठी माळराने शिकारीसाठी राखलेली असत आणि तेथे कामगारांना मज्जाव असे. २४ एप्रिल १९३२ रोजी, डेल्सच्या दक्षिणेकडील पीक डिस्ट्रिक्टमध्ये, शेकडो तरुण किंडर स्काउट या डोंगरावर ठरवून चढले आणि त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. डोंगर, माळ आणि नोंदलेली सामायिक जमीन यांवर वाट सोडूनही मोकळेपणाने फिरण्याचा हक्क मिळण्यासाठी त्यानंतर २००० सालचा कायदा यावा लागला. खोऱ्यातल्या कुरणांना हा दुसरा हक्क लागू नाही. तेथे नकाशातल्या रेषेवरूनच चालायचे.

या हक्काची दुसरी बाजू म्हणजे चालणाऱ्याची शिस्त. फाटक ज्या स्थितीत आढळले त्याच स्थितीत सोडावे : बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे, कारण शेतकऱ्याने ते जनावरांच्या पाण्यासाठी मुद्दाम उघडे ठेवलेले असू शकते. डेल्समधील शेतांच्या भिंती आपल्या कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुना किंवा सिमेंट न वापरता नुसत्या दगडावर दगड रचून केलेल्या असतात. त्यांवर चढले की दगड ढळतात आणि त्या पुन्हा रचायला जाणकार हात लागतो. ओलांडण्यासाठी भिंतीतच बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या किंवा माणूस अंग चोरून जाईल आणि मेंढी अडेल अशी अरुंद फट ठेवलेली असते, तेथूनच जावे. वासरांसह गायी असतील तर त्यांच्या मधून जाऊ नये, लांबून वळसा घालावा. सोबत कुत्रा असेल आणि गायी अंगावर आल्या, तर त्याची दोरी सोडून द्यावी.

प्रश्न : मी शाळेत भूगोल शिकवते. इंगलटनच्या धबधब्यांच्या वाटेला तिकीट आहे असे समजले. पैसे देऊन चालण्यासारखे तेथे काय आहे? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : ही वाट खासगी जमिनीतून जाते आणि ती १८८५ मध्ये प्रवाशांसाठी खुली झाली, म्हणजे तिकिटाची रीत जुनीच आहे. साधारण सात किलोमीटरची ही वाट ट्विस नदीच्या काठाने चढते आणि डो नदीच्या काठाने उतरते. या दोन नद्या इंगलटन गावात एकत्र येतात. दिशा येथे ठरलेलीच आहे, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. धबधबे अनेक आहेत, पण आपण भूगोल शिकवता, म्हणून थॉर्नटन फोर्ससमोर अर्धा तास तरी थांबाच असे मी आग्रहाने सांगेन. सुमारे १४ मीटरच्या या धबधब्याच्या वरच्या भागात चुनखडीचे आडवे थर दिसतात आणि त्यांच्या खाली जवळजवळ उभे कललेले, कितीतरी जुने पाटीच्या दगडाचे थर. खालचे थर तयार झाले, दबून उभे झाले, झिजून सपाट झाले आणि मग त्यांवर उथळ उष्ण समुद्रात चुनखडी साचली. त्या दोहोंच्या मधल्या रेषेत दहा कोटींहून अधिक वर्षांचा काळ गेलेला आहे. आपल्या नाशिकभोवतीच्या डोंगरांचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्या एका रेषेत काय सामावले आहे ते त्यांना पटकन उमजेल.

प्रश्न : मी ब्रॅडफर्डला शिकतो. आम्ही चार मित्र ऑक्टोबरच्या अखेरीस ‘थ्री पीक्स’ करणार आहोत. सगळ्यांनी राजगड-तोरणा केलेले आहे. काय तयारी करावी? (एक विद्यार्थी)

उत्तर : या वेळेला ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेन-इ-गेंट (६९४ मीटर), व्हर्नसाइड (७३६ मीटर) आणि इंगलबरो (७२३ मीटर) हे तिन्ही माथे एका वळशात घेणारी ही वाट सुमारे ३९ किलोमीटरची आहे आणि ती बारा तासांत पुरी करण्याचा रिवाज आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस तेथे दिवसच जेमतेम दहा तासांचा असतो. राजगड-तोरण्याचा अनुभव पायांना नक्की उपयोगी पडेल. परंतु थंड पाऊस, वारा आणि दाट धुके एकत्र आले म्हणजे माणूस किती लवकर गारठतो, याचा अंदाज तेवढ्यावरून येत नाही. तिन्ही माथे मे-जूनसाठी राखून ठेवावेत.

आत्ता फक्त पेन-इ-गेंट करावे. सेटल-कार्लाइल रेल्वेने हॉर्टन-इन-रिबल्सडेलला उतरले की स्थानकापासूनच चालायला सुरुवात होते आणि सुमारे दहा किलोमीटरमध्ये वळसा पुरा होतो. ब्रॅकनबॉटमच्या बाजूने चढावे, कारण तिकडची शेवटची खडकाळ सोंड चढायला सोपी आणि ओली असताना उतरायला अवघड आहे. उतरताना पश्चिमेच्या रुंद वाटेने यावे. त्या वाटेजवळ हल पॉट हे जमिनीला पडलेले प्रचंड विवर आहे. मोठ्या पावसानंतर त्यात धबधबा कोसळतो. काठापासून दूर उभे राहावे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे काढणाऱ्या संस्थेचा ओएल २ हा कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवावे, कारण या खोऱ्यांत मोबाइलला पुष्कळ ठिकाणी रेंज नसते. अपघात झाल्यास ९९९ वर पोलिसांना फोन करून ‘माउंटन रेस्क्यू’ची मदत मागायची असते.

प्रश्न : स्वेलडेलमधील फुलांची कुरणे कासच्या पठारासारखी आहेत का, आणि ती केव्हा पाहावीत? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : फुले दोन्हीकडे आहेत, पण स्वेलडेलची कुरणे शेतकऱ्याच्या हातून घडलेली आहेत. वसंतात मेंढ्या कुरणांतून बाहेर काढतात, गवत वाढू देतात, फुलांचे बी पडेपर्यंत थांबतात आणि मग कापणी करतात. कुरणाकुरणात दिसणाऱ्या दगडी कोठारांत वरच्या माळ्यावर हे वाळलेले गवत ठेवत आणि हिवाळाभर खाली गायी बांधत. त्यांचे शेण पुन्हा त्याच कुरणात पसरत. रासायनिक खत घातले की गवत माजते आणि फुले दबून जातात, म्हणून या जुन्या पद्धतीवरच ती फुले टिकून आहेत.

म्यूकर गावापासून केल्डपर्यंत जाऊन परत येणारा सुमारे दहा किलोमीटरचा वळसा यासाठी उत्तम आहे. म्यूकरमधून निघताच फरशीची अरुंद वाट कुरणांतून नदीकडे जाते. तेथे एकामागोमाग एक असेच चालावे, कारण दोघे शेजारी चालले की एकाचा पाय गवतावर पडतो, आणि ते गवत म्हणजे जनावरांचा हिवाळ्याचा चारा असतो. पूल ओलांडून स्वेल नदीच्या पूर्व काठाने वर गेले की क्रॅकपॉट हॉल या पडक्या शेतघराचे अवशेष लागतात. खाणकामामुळे जमीन खचल्याने ते सोडून द्यावे लागले. केल्डजवळ ईस्ट गिल फोर्स आणि थोडी वाट वाकडी केल्यास किझ्डन फोर्स, असे दोन धबधबे दिसतात, आणि पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेने किझ्डन डोंगराच्या कुशीतून म्यूकरला परत येता येते. शेवटच्या उतरणीवरून आखीव गडगे, कोठारे आणि फुललेली कुरणे एकाच नजरेत येतात, म्हणून केल्डकडे जाताना नदीकाठ आणि येताना डोंगर हीच दिशा ठेवावी.

जूनचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला. कापणी जुलैत, सलग कोरड्या दिवसांचा अंदाज मिळाला की सुरू होते. म्हणून जुलैत जाणार असाल, तर निघण्यापूर्वी म्यूकरमधील राहण्याच्या ठिकाणी फोन करून कुरणे अजून उभी आहेत का, ते विचारून घ्यावे.