द्राक्षावरून घसरून झालेली दुखापत आणि न्यू जर्सीचा कायदा

प्रश्न : माझी आई (वय ६६) पर्यटक व्हिसावर पुण्याहून आमच्याकडे एडिसनला आली आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका मोठ्या किराणा दुकानात, बिलाच्या रांगेजवळ, जमिनीवर पडलेल्या द्राक्षावरून पाय घसरून ती पडली. मनगटाचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करून प्लेट बसवावी लागली. दुकानाच्या विमा कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो की आईच्या पायात चपला होत्या, म्हणजे चूक तिचीच. तरीही चार हजार डॉलर घेऊन प्रकरण मिटवा. फोनवर तिची जबानी रेकॉर्ड करण्याचा त्याचा आग्रह आहे. आई पुढच्या महिन्यात परत जाणार आहे. पाहुणी म्हणून आलेल्या व्यक्तीला दावा लावता येतो का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : लावता येतो, पर्यटक व्हिसा त्याच्या आड येत नाही. अमेरिकेत दुखापतीच्या दाव्यांचा कायदा राज्याराज्यांत वेगळा असल्यामुळे इथे न्यू जर्सीचे नियम लागू होतील. दावा दाखल करण्याची मुदत घटनेपासून दोन वर्षे आहे. (हाच अपघात सरकारी जागेत, उदाहरणार्थ एखाद्या रेल्वे स्थानकावर झाला असता, तर ९० दिवसांत लेखी सूचना देणे बंधनकारक ठरले असते.)

आपल्या प्रकरणाचा कणा मात्र एका साध्या प्रश्नात आहे : त्या दुकानात द्राक्षे कशा प्रकारे विकायला ठेवलेली होती? एरवी घसरून पडलेल्या ग्राहकाला हे सिद्ध करावे लागते की, जमिनीवर काही सांडले आहे हे दुकानाला ठाऊक होते, किंवा ते इतका वेळ तिथे पडून होते की ठाऊक असायला हवे होते. एक द्राक्ष किती मिनिटे पडले होते हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्यच. म्हणूनच न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल महत्त्वाचा ठरतो. त्या खटल्यातही बाई बिलाच्या रांगेजवळच द्राक्षावरून घसरल्या होत्या, आणि द्राक्षे वरून उघड्या, भोके असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत विकली जात होती. ग्राहकाने स्वतः माल उचलायचा ही विक्रीची पद्धतच सांडण्याला वाव देणारी असेल, तर दुकानाला माहिती होती हे ग्राहकाने सिद्ध करण्याची गरज नाही. आपण योग्य काळजी घेतली होती हे दाखवणारा पुरावा दुकानाने पुढे आणावा, असे न्यायालयाने म्हटले. याउलट २०२२ मध्ये सॅम्स क्लब या दुकानाविरुद्धच्या खटल्यात द्राक्षे टेप लावून बंद केलेल्या डब्यांत होती, आणि तिथे त्याच न्यायालयाने ही सवलत नाकारली. तेव्हा आजच त्या दुकानात जाऊन द्राक्षांच्या मांडणीचे आणि पिशव्यांचे फोटो काढा; पुढच्या आठवड्यात पिशवीच्या जागी डबा आलेला असू शकतो.

तितकीच घाई कॅमेऱ्याच्या चित्रणाची आहे. जुन्या चित्रणावर नवे चढत जाते, म्हणून ते जपून ठेवावे अशी लेखी मागणी वकिलामार्फत ताबडतोब पाठवा. मागणी पोचल्यावरही चित्रण नष्ट झाले, तर ते दुकानाला प्रतिकूल होते असा निष्कर्ष काढण्याची मुभा न्यायाधीश ज्यूरीला देऊ शकतात.

चपलांच्या मुद्द्याने घाबरू नका. न्यू जर्सीत वादीचा दोष निम्म्याहून अधिक ठरला तरच दावा बुडतो. एरवी दोषाच्या प्रमाणात रक्कम कमी होते. भरपाई ६०,००० डॉलर ठरली आणि आपल्या आईंचा दोष २० टक्के मानला गेला, तर ४८,००० मिळतील. मेरीलँड किंवा व्हर्जिनियात मात्र अल्प दोषही दावा पूर्ण बुडवू शकतो. समोरच्या विमा कंपनीला रेकॉर्ड केलेली जबानी देण्याचे बंधन आपल्यावर नाही, आणि ती देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. चार हजारांच्या पावतीवर सही झाली की मनगटाचा ताठरपणा पुढे कितीही वाढला तरी काही मागता येणार नाही.

आई परत जाण्यापूर्वी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडून एक सविस्तर तपासणी करून घ्या. एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची नोंद ताब्यात घ्या, कारण पुढे ज्यूरीसमोर वैद्यकीय बाजू बहुधा हेच डॉक्टर मांडतील. पुण्यातील फिजिओथेरपीची बिलेही जपा. प्रवास विम्याने जो खर्च दिला असेल, तो हप्त्याची रक्कम सोडून भरपाईतून वजा होतो, हे आधीच धरून चाला.

दावा दाखल झाल्यावर पुरावे गोळा करण्यासाठी अशा प्रकरणात साधारणपणे ३०० दिवस मिळतात. त्या काळात आईंची शपथेवर उलटतपासणी होईल आणि दुकानाचे वकील स्वतः निवडलेल्या डॉक्टरांकडून आईंची तपासणीही मागू शकतील. आई तोवर पुण्यात असतील; व्हिडिओद्वारे साक्ष घेण्याबाबत उभय पक्षांची संमती किंवा न्यायालयाची परवानगी लागेल, म्हणून ही अडचण वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा. खटल्याआधी लवादासमोर सुनावणी होते. तो निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत ज्यूरीपुढे जाण्याची मागणी करता येते. ज्यूरीत सहा जण असतात आणि पाच जणांचे एकमत पुरते.

वकिलांची फी बहुधा यशावर अवलंबून असते. नियमानुसार खर्च वजा करून उरलेल्या रकमेच्या पहिल्या साडेसात लाख डॉलरांवर ती एक तृतीयांशाहून अधिक असू शकत नाही. हा करार लेखीच असावा लागतो. दावा हरल्यास झालेला खर्च कोणी सोसायचा, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या.