घरमालक मुदतीआधीच भाडे वाढवतोय: निमूट द्यावे, की एफडी मोडून घर बदलावे?

जुळे सोलापुरातून एका ताईंनी विचारले आहे: भाडे 9,000, डिपॉझिट 50,000, अकरा महिन्यांच्या करारातले पाच महिने बाकी. मालक पुढच्या महिन्यापासून 11,000 मागतात, वरचे 2,000 रोख. नाहीतर 'डिपॉझिट विसरा' म्हणतात. करार फक्त नोटरी केलेला, त्यात दरवाढीचे कलम नाही. जवळ 60,000 ची एफडी आहे. ती मोडून घर बदलावे का?

ताई, आत्ता एफडी मोडू नका आणि वाढीव 2,000 सुद्धा देऊ नका.

लगेच घर बदलायचे तर टेम्पो-हमाली अंदाजे 5,000, एजंटचे एका महिन्याचे भाडे 9,000, दोन्ही घरांचे पंधरा दिवस एकावर एक आले तर 4,500. हे झाले 18,500. वर नवे डिपॉझिट 50,000, आणि जुने अडकलेले. म्हणजे 68,500 हवेत. एफडी मोडूनही 8,500 कमी पडतात, शिवाय आजारपणाला हाताशी दमडी उरत नाही. वाढ मान्य केली तर पाच महिन्यांत 10,000 जातील. रोख दिल्याने पुरावा राहणार नाही, आणि एकदा दिलेत की 'तुम्हाला मान्यच होते' हे म्हणायला मालक मोकळे.

नोटरी झाली म्हणजे करार पक्का झाला, असे आपल्याकडे सर्रास समजतात. तसे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून कच्चा कागद ही तुमच्यापेक्षा त्यांची अडचण आहे. भांडणात ओरडून सांगू नका, लेखी उत्तरात एका ओळीत लिहा.

ते उत्तर आजच व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टाने पाठवा: 'ठरलेले भाडे 9,000 आहे, मुदत संपेपर्यंत तेच देईन.' भाडे दर महिन्याला ठरल्या तारखेला यूपीआयने द्या, शेऱ्यात महिना लिहा. डिपॉझिट रोख दिले असेल तर त्याची रक्कम करारात आहे ना, हे आधी बघा. नसेल तर बोलण्या-बोलण्यात मेसेजवर त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

सोलापुरात नळाला बऱ्याचदा काही दिवसांआड पाणी. त्यामुळे चिडलेला मालक पहिला हात टाकीच्या कॉकला घालतो. तसे झाले तर तारीख-वेळेसह फोटो काढा, लेखी तक्रार द्या. टँकरचे पैसे त्यांच्या होकाराशिवाय भाड्यातून कापू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच: 'डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडणार नाही' म्हणत मुदतीनंतर राहणे. लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीपुरते घर वापरायला देणाऱ्या कराराची) मुदत संपल्यावर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट भाडे लागू शकते. महिना 18,000, तीन महिन्यांत 54,000. ज्या डिपॉझिटसाठी अडून बसलात तेच संपले.

त्याऐवजी पाच महिने दरमहा जमेल ते, निदान 4,000, वेगळ्या खात्यात टाका. घर बदलायचा खर्च त्यातूनच निघेल आणि एफडी फक्त नव्या डिपॉझिटपुरती, तीही जुने परत येईपर्यंत, लागेल. करारातल्या मुदतीप्रमाणे नोटीस द्या. शेवटच्या महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून वळते करायचे असेल तर आधी लेखी होकार घ्या.

घर सोडताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, मीटरचे रीडिंग, महावितरणचे भरलेले बिल. किल्ली आणि डिपॉझिट एकाच बैठकीत. पैसे न देता किल्ली मागितली तर मुदतीच्या आत साक्षीदारासमोर द्या आणि पोच घ्या. पुढे वकिलाची नोटीस. तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा करता येतो. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तिथे दाव्याआधी तडजोडीसाठीही अर्ज करता येतो, तो आधी करा.

नव्या घराचा करार मात्र नोंदवूनच घ्या. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे 10 टक्के व्याज यांच्या 0.25 टक्के. मालक टाळत असतील तर हा खर्च तुम्ही उचला.