येस, नो, नो… साठ वेळा

प्रश्न: मी इमेजजे या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये मायक्रोस्कोपचे फोटो तपासते, एका बैठकीत साठेक स्टॅक (एकाच फाइलमधला चित्रांचा गठ्ठा) असतात. ब्लर लावला की विचारतं सगळ्या इमेजेसवर लावू का, अनडू मिळणार नाही. बंद करताना सेव्ह करायचं का, रिझल्ट पुसताना मोजमापं सेव्ह करायची का. येस-नो-नो करून वैताग आलाय, त्यात परवा एका स्टॅकला येसच्या जागी नो दाबलं गेलं आणि तो कुठला ते आता आठवत नाहीये. हे प्रश्न बंद कसे करायचे?

उत्तर: आधी परवाचं. शोधत बसू नका, मूळ फाइल्सवरून सगळा बॅच परत चालवा, खालचं जमलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

हे प्रश्न बंद करण्यापेक्षा त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवायची, म्हणजे मॅक्रो, ओळीने आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी. प्लगइन्स, मॅक्रोज, रेकॉर्ड एवढं उघडा आणि एका स्टॅकवर नेहमीचं काम हाताने करा, खिडकीत एकेक ओळ उमटत जाते. ब्लरची ओळ नीट बघा. तुम्ही येस म्हणालात तर सिग्माच्या (ब्लर किती ते ठरवणाऱ्या) आकड्यापुढे ‘स्टॅक’ असा शब्द (इंग्रजीतच) आलेला असेल, तेच तुमचं येस. तो शब्द गळला तर मॅक्रो काहीच न विचारता फक्त समोर दिसणाऱ्या स्लाइसवर, म्हणजे स्टॅकमधल्या एकाच चित्रावर, ब्लर मारतो आणि पुढे निघून जातो, म्हणजे परवाचीच चूक पण आता साठ वेळा. बाकी तो अनडूचा इशारा उगाच नाही, अनडूसाठी एकाच चित्राची आधीची कॉपी ठेवलेली असते, अख्ख्या स्टॅकची नाही.

मग प्रोसेस, बॅच, मॅक्रो इथे जा, तिथे इनपुट फोल्डर, आउटपुट फोल्डर द्यायचा आणि रेकॉर्ड झालेल्या ओळी पेस्ट करायच्या, फाइल उघडायची आणि बंद करायची ओळ मात्र काढून टाका, ते काम तो स्वतःच करतो. आधी टेस्टचं बटण दाबून एका फाइलवर बघा.

रिझल्ट पुसायचेच कशाला? सेट मेजरमेंट्समध्ये डिस्प्ले लेबलला टिक करा, मग प्रत्येक ओळीत फाइलचं नाव येतं, सगळं एकाच टेबलमध्ये साठू द्या आणि शेवटी एकदाच सेव्ह करा. तिसरा प्रश्न तिथेच संपला.

फाइल उघडतानाही बायो-फॉरमॅट्सची (मायक्रोस्कोपच्या फाइल्स उघडणारं प्लगइन) ती मोठी खिडकी येत असेल तर त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये फॉरमॅट्स टॅबवर आपला फॉरमॅट निवडून विंडोलेसला टिक करा, मागच्या वेळची सेटिंग्ज धरून फाइल गुपचूप उघडेल.

आता एक गोष्ट जिथे प्रश्न न विचारणं महागात पडतं. मॅक्रोमधलं सेव्ह अ‍ॅज जुन्या फाइलवर सरळ नवी लिहून मोकळं होतं, विचारत नाही. आउटपुटचा फोल्डर नवा आणि रिकामा घ्या, मूळ फोटोंचा कधीच नको. आणि सेव्ह अ‍ॅजची ओळ रेकॉर्डरमधून उचलली असेल तर तिच्यात तुम्ही पहिल्यांदा दिलेलं नाव जसंच्या तसं कोरलेलं असतं, मग साठही फाइल्स त्याच एका नावावर जाऊन बसतात. मी रात्रभर लावून ठेवलं होतं, सकाळी फोल्डरमध्ये एकच फाइल, शेवटची.